चर्चा: विषारी रसायनांपासून लिव्हर वाचवायला समुद्री स्पंज? सांगलीत यावर काम व्हावं का?

कृष्णाकाठ:
आपल्याकडे फार्मसीत लिव्हरवरचा प्रोजेक्ट म्हटलं की हळद, भुईआवळा नाहीतर पुनर्नवा. माझं मत स्पष्ट आहे: आता समुद्री स्पंज घ्या. हा प्राणी जागचा हलत नाही, शत्रूला रसायनांनीच थोपवतो. सायटाराबिन हे रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध कॅरिबियन स्पंजातल्या रेणूंवरून सुचलं, एरिब्युलिन जपानी स्पंजातल्या हॅलिकॉन्ड्रिनवरून. ॲव्हारॉलसारखी स्पंजातली संयुगं फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) शमवतात, आणि प्रयोगात लिव्हर बिघडवायला वापरतात ते कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी रसायन लिव्हर जाळतं ते फ्री रॅडिकलमुळेच. आंबा घाट उतरला की रत्नागिरीचा किनारा आहेच.

प्रयोगवही:
सर, सायटाराबिन आणि एरिब्युलिन पेशी मारणारी औषधं आहेत. त्यांच्यावरून लिव्हर वाचेल असं कसं म्हणता?

आणि नेहमीचा प्रयोग बघा. उंदरांना आठवडाभर स्पंजाचा अर्क, मग कार्बन टेट्राक्लोराइड ऑलिव्ह तेलात निम्मं-निम्मं मिसळून किलोमागे 1 मिली पोटात टोचायचं, 24 तासांनी रक्त. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) उतरला की ‘संरक्षण’ सिद्ध! खरं तर हे रसायन लिव्हरमधल्या सीवायपी2ई1 एन्झाइमने फोडल्यावरच घातक होतं. अर्काने ते एन्झाइमच अडवलं तर विष तयारच होत नाही. जखम भरली असं त्यातून म्हणता येत नाही. अर्क ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ एकटंही हेच करतं. म्हणून ‘विष + नुसतं डीएमएसओ’ असा गट हवाच, आणि नेमका तोच गाळला जातो. शिवाय रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या की एसजीओटी हे तसंच दुसरं एन्झाइम खोटं चढतं. सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) गुलाबी दिसलं की नमुना बाद करा.

कृष्णाकाठ:
मान्य, पण हा दोष मांडणीचा, स्पंजाचा नाही. एका गटाला विष दिल्यावर काही तासांनी अर्क द्या. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत एन-ॲसिटिलसिस्टीन गोळ्या पोटात गेल्यावरच देतात आणि पहिल्या 8 तासांत ते उत्तम चालतं. कसोटी तीच लावा. लिव्हरचे काप काढून मध्यशिरेभोवतीच्या पेशी बघा, कारण पहिला मार तिथेच बसतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेपजी2 या लिव्हर-कॅन्सरच्या पेशींवर मात्र विसंबू नका; त्यांच्यात सीवायपी2ई1 जवळपास नसतंच.

तासगाव_बागायत:
दोघेही प्रयोगशाळेतून बाहेर या. आमच्याकडे कार्बन टेट्राक्लोराइड फवारतं कोण? द्राक्षबागेत मारतात ते बोर्डो हे बुरशीनाशक: 1 टक्क्याला 1 किलो मोरचूद (तांब्याचं क्षार), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या पोर्तुगालच्या द्राक्षमजुरांच्या लिव्हरमध्ये तांबं साठलेल्या गाठी सापडल्याची नोंद 1970 च्या दशकातली आहे. तांब्याला विषारी व्हायला ते एन्झाइम लागतच नाही. मग तुमचा उंदीर आमच्या फवारणीवाल्याबद्दल काय सांगणार? त्यात स्पंज स्वतःच पाण्यातलं तांबं, आर्सेनिक अंगात साठवतो. अर्कातले धातू मोजल्याशिवाय तो कुणाच्या पोटात घालायचा नाही. आज फवारणीवाल्याला मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे द्या, वाऱ्याकडे पाठ करून फवारू द्या.

प्रयोगवही:
दादांच्या मुद्द्यात भर. थिओनेला स्विनहोई या स्पंजात मोट्युपोरिन सापडलं, ते नोड्युलॅरिनच्या घराण्यातलं, म्हणजे थेट लिव्हरचंच विष. ओकाडाइक आम्ल या दुसऱ्या विषाला नावच हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई या स्पंजावरून पडलंय. म्हणून विष न देता नुसता अर्क 28 दिवस, असा गट हवा. आणि पुरवठा? लिसोडेन्डोरिक्स स्पंजाच्या 1 टनातून हॅलिकॉन्ड्रिन बी निघालं जेमतेम 300 मिलिग्रॅम. असं औषध करायचं तर किनारा खरवडावा लागेल!

कृष्णाकाठ:
किनारा कशाला खरवडायचा? काही स्पंजांच्या वजनाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग जिवाणूंचा असतो आणि बरीच संयुगं तेच बनवतात. परवानगी काढून लहानसा तुकडा घ्या (चुनखडी स्पंजांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हात नको). निर्जंतुक समुद्रपाण्याने धुऊन वाटा, समुद्रपाण्याच्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरा. नॅलिडिक्सिक आम्ल आणि सायक्लोहेक्सिमाइड घातलं की भराभर वाढणारे जिवाणू आणि बुरशी दबतात. 28 अंशांवर तीन-चार आठवडे थांबलात तर ॲक्टिनोमायसीट हे सावकाश वाढणारे, औषधी संयुगं बनवणारे जिवाणू उगवतात. घाईने आठवड्यात प्लेट फेकली तर हाती काही लागत नाही. बरेचसे सहजीवी प्लेटवर वाढत नाहीत हे खरं, पण जे वाढतात ते फ्लास्कमध्ये हवे तेवढे वाढवता येतात.

तासगाव_बागायत:
मग पहिला प्रयोग मोरचुदावर करा. अर्क विषानंतर द्या, आणि लिव्हरमधलं तांबं मोजा, नुसता एसजीपीटी नको.

प्रयोगवही:
त्यात नुसत्या अर्काचा गट धरा, तर माझा विरोध नाही. तोवर प्रोजेक्टच्या शीर्षकात ‘यकृतरक्षक’ लिहू नका.