सासूबाईंच्या पाठीवर लाल डाग, चोळू का?

प्रश्न: आम्ही गुहागरजवळच्या वाडीत राहतो. सासूबाई अर्धांगवायूनंतर चार महिने अंथरुणात आहेत. काल अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. एअर बेड आहे, पण पावसात लाइट गेली की बसतो. शेजारच्या काकू म्हणतात, खोबरेल तेलाने जोरात चोळ. चोळू का?

उत्तर: ताई, अजिबात चोळू नका, आतली त्वचा आणखी दुखावते. मी नर्स आहे, घरोघरी जाते. डाग बोटाने दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर वेळेत सापडला. लालच राहिला तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात. एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. पाठीमागे उशी लावून जरा कलतं ठेवा. पोटरीखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहू देत. वर सरकवताना ओढू नका. खाली आडवी चादर घालून दोघांनी उचला. माझ्या एका आजींची जखम नुसत्या ओढण्यानेच झाली होती, अजून मनाला लागतं.

दुसरं उत्तर: चादरी वाळत नसतील तर जुनी सुती लुगडी घाला. आम्ही पडवीतल्या वलणीवर टाकायचो, लवकर वाळतात. सुरकुती मात्र राहू देऊ नका.

प्रश्नकर्ती: दाबून बघितलं. लालच राहतोय.

नर्स: मग उद्याच डॉक्टरांना दाखवा, कातडी फुटायची वाट बघू नका. आणि रात्रीची एक पाळी यजमानांना द्या. तुम्हालाही झोप हवी.