मदत हवी आहे : माद्रिदहून तोलेदोला एका दिवसाची सहल, सोबत गुडघेदुखी असलेली आई

नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन माद्रिदला जात आहे आणि त्यातला एक दिवस तोलेदोसाठी ठेवला आहे. आईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि ज्या गावात मशीद, सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आणि कॅथेड्रल चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, ते पाहण्याची तिची जुनी इच्छा आहे. अडचण तिच्या गुडघ्यांची आहे. सपाटीवर ती हळूहळू कितीही चालते, पण चढ आणि त्याहूनही उतार तिला सोसत नाही; आणि तोलेदो तर तीन बाजूंनी ताहो नदीने वेढलेल्या खडकावर वसलेले, दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्यांचे गाव आहे.

माद्रिदच्या अतोचा स्थानकावरून जलद गाडीने अर्ध्या तासात पोचता येते, त्यामुळे प्रवासाची काळजी नाही. सोमवारी एल त्रान्सितो सिनेगॉग बंद असतो आणि रविवारी कॅथेड्रल पर्यटकांसाठी दुपारीच उघडते, म्हणून मंगळवार निवडला आहे. तोलेदोचे स्थानक नदीपलीकडे आहे. तिथून अल्कान्तारा पुलावरून चालत वर जाणे फार सुंदर असते असे सगळे सांगतात, पण मी टॅक्सीने थेट सोकोदोवेर चौकात उतरण्याच्या विचारात आहे. साफोंतचे सरकते जिने त्या चौकाजवळच वर सोडतात. ते नेमाने चालू असतात का, हे अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

त्यानंतर कॅथेड्रल, मग सान्तो तोमे चर्चमधले एल ग्रेकोचे काउंट ऑर्गासच्या दफनविधीचे चित्र, आणि शेवटी ज्यू वस्तीतले दोन्ही सिनेगॉग, असा क्रम मनात आहे. यातला सान्ता मारिया ला ब्लांका मला कोणत्याही परिस्थितीत वगळायचा नाही. ज्यूंसाठी बांधलेल्या त्या वास्तूत मशिदीसारख्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या पांढऱ्या कमानी रांगेने उभ्या आहेत आणि पुढे तिचेच चर्च झाले. वर्गात तासभर समजावूनही जे पोचत नाही ते तिथे डोळ्यांना दिसते, असे आईचे म्हणणे आहे. खरा पेच आहे तो 999 सालच्या क्रिस्तो दे ला लुस मशिदीचा. ती गावाच्या उत्तर उतारावर, म्हणजे बाकी सगळ्याच्या विरुद्ध दिशेला येते. सकाळी तिथपर्यंत टॅक्सी जाते का, की शेवटचा चढ पायीच चढावा लागतो? आईला त्या मशिदीच्या विटांच्या दर्शनी भिंतीवरचा कूफी या जुन्या अरबी लिपीतला लेख पाहायचा आहे, म्हणून ती वगळायला मन होत नाही.

कॅथेड्रलमधल्या त्रान्सपारेन्ते वेदीवर छताच्या झरोक्यातून ऊन पडते. ते नेमके किती वाजता पाहावे, हेही कोणी सांगू शकले तर तिकीट त्या वेळेचे काढेन.

आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. भाज्यांचा पिस्तो अंड्याशिवाय मिळेल असे वाटते, पण तोलेदोच्या प्रसिद्ध बदामी मार्झिपानला भाजण्याआधी अंड्याचा हात देतात असे वाचले आहे. तसा न दिलेला प्रकार तिथे मिळतो का, आणि दुकानात तो स्पॅनिशमध्ये कसा मागावा?

ज्येष्ठांना घेऊन जाऊन आलेल्यांच्या अनुभवाची विशेष वाट पाहत आहे.