अनारशांचे तांदूळ आज रात्रीच भिजवूया

सेक्रेटरी (ए-१०१): सर्वांना कोजागरीच्या शुभेच्छा. दूध गच्चीवर साडेनऊला, आपापले पेले आणा. दुसरं, पाडव्याच्या फराळाचं आजच ठरवू. गेल्या वर्षीसारखी तयार पाकिटं सांगायची का? या आठवड्यात ऑर्डर गेली नाही तर मिळणार नाहीत.

सी-२०४: सांगून टाका. दिवाळीत कोणाला वेळ आहे?

बी-३०२ काकू: चिवडा, शेव, शंकरपाळे, चकल्या खुशाल सांगा. बचत गटाच्या बायकांना सांगितलंत तर जास्त बरं, त्यांची भाजणी खमंग असते. पण अनारसे विकतचे नकोत. गेल्या वर्षी पाकिटातला अनारसा दोन बोटांत धरला तर बिस्किटासारखा कट्‌कन मोडला. जाळी नाही आणि वास वनस्पती तुपाचा. पोरं एक घास खाऊन ताटलीत टाकून गेली. अनारसा असाच असतो अशी त्यांची समजूत झाली असणार, याचं मला फार वाईट वाटलं. आपण घरी करूया. पण करायचे तर तांदूळ आज रात्रीच भिजायला हवेत.

ए-४०३: काकू, माझ्या आईनेसुद्धा सोडले हो अनारसे. म्हणते, दरवर्षी तुपात हसतात.

सी-२०४: हसतात म्हणजे?

बी-३०२ काकू: तुपात सोडला की पसरतो, फुटतो आणि सगळ्या कढईभर त्याचा चुरा होतो, त्याला अनारसा हसला म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझा सबंध पहिला घाणा हसला होता. मी रडायला लागले. सासूबाईंनी मला बाजूला केलं नाही. पिठाचा गोळा हातात दिला आणि म्हणाल्या, "दाबून बघ, सैल आहे. गूळ जास्त झालाय." थोडं कोरडं तांदळाचं पीठ मळून घातलं, तूप जरा तापू दिलं, आणि पुढचा अनारसा सुरेख उतरला. ए-४०३, आईला सांग, हसण्याची कारणं बहुतेक एवढीच. गूळ जास्त, पीठ सैल, नाहीतर तूप पुरेसं तापलेलं नसतं. आधी एकच सोडून बघायचा, मग बाकीचे थापायचे.

डी-५०१: काकू, कृती सविस्तर लिहा ना. मला कधीच कोणी नीट सांगितली नाही.

बी-३०२ काकू: लिहिते. तांदूळ जुना आणि जाडा घ्यायचा. बासमती नको. नवा तर अजिबात नको, पीठ चिकट होतं. स्वच्छ धुऊन तीन दिवस पाण्यात ठेवायचा आणि रोज पाणी बदलायचं. हे चुकवायचं नाही, नाहीतर आंबूस वास लागतो. चौथ्या दिवशी उपसून निथळायचा आणि घरातच सुती पंचावर पसरायचा, उन्हात नाही. तास-दीड तासाने मुठीत धरून बघायचा. हाताला ओल जाणवली पाहिजे, पण पाणी लागता कामा नये. तसा दमट असतानाच मिक्सरवर दळायचा. गिरणीत न्यायचा नाही, ओला तांदूळ जात्यात बसतो आणि गिरणीवाला घेतही नाही. पीठ बारीक चाळणीने चाळायचं. चाळलेलं पीठ मुठीत दाबलं तर मूठ वळली पाहिजे. कोरडं झालं तर गूळ त्यात मुरतच नाही.

पिठाला वजनाने पाऊणपट किसलेला गूळ. साधा घ्या, चिक्कीचा नको. चमचाभर तूप घालून मळा, घट्ट गोळे करा आणि डब्यात बंद. चार-पाच दिवस उघडायचं नाही. पहिल्या दिवशी गोळा कोरडा, भुरभुरीत वाटतो. घाबरून त्यात पाणी घालू नका. गुळाला पाणी सुटतं आणि आपोआप लोण्यासारखा होतो. थापायच्या वेळी फारच घट्ट वाटला तर पिकलं केळं नखाएवढं कुस्करून मळा. दूध घातलं तर पीठ टिकत नाही, म्हणून मी केळंच घालते.

डी-५०१: आमच्याकडे पिठीसाखरेचे करतात. पांढरेशुभ्र.

बी-३०२ काकू: तेही छान होतात. तुमचे वेगळे करू. मला स्वतःला गुळाचेच आवडतात, त्यांना रंग येतो आणि तळताना घरभर वास सुटतो.

बी-१०३ आजी: यंदा अधिक ज्येष्ठ होता ना, १७ मे ते १५ जून. जावयाला ३३ अनारशांचं वाण दिलं. गुडघ्यांमुळे ओट्याशी उभं राहवत नाही म्हणून विकतचे आणले. एकालाही जाळी नव्हती. वाणाला जाळीदार पदार्थ लागतो, म्हणून तर अनारसे नाहीतर बत्तासे देतात. मनाला फार लागलं माझ्या. बाई, तू करणार असशील तर मी बसून थापून देते. हात अजून चालतात.

बी-३०२ काकू: आजी, तुम्ही थापायलाच या. तुमच्या हातचा अनारसा कडेला पातळ आणि मध्ये जरा जाड असतो, तसा मला अजून जमत नाही. खुर्ची खिडकीपाशी ठेवते.

ए-२०२: काकू, एक विचारायचं होतं. मुलगा दुबईला आहे, फराळाचा डबा पाठवायचाय. त्यात अनारसे पाठवले तर टिकतील का?

बी-३०२ काकू: टिकतील, पंधरा दिवस काही होत नाही. पण थांब, खसखस! अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अनारशाला खसखस लावू नकोस आणि करंजीच्या सारणातही घालू नकोस, सारणात पटकन लक्षात येत नाही. मैत्रिणीच्या मुलीने सिंगापूरला जाताना बॅगेतून करंज्या काढून ठेवल्या होत्या, तिथेही खसखस चालत नाही.

ए-२०२: बापरे, सारण तर कालच भाजून ठेवलंय, त्यात खसखस आहे. बरं झालं विचारलं. ते घरातच वापरते, त्याच्यासाठी वेगळं करते.

बी-३०२ काकू: त्याचे अनारसे आपण तिळावर थापू. पंचवीस वेगळे काढते, डब्यावर त्याचं नाव लिहून ठेव.

सी-४०१: आमच्या गोव्यात नरकचतुर्दशीला पहाटे नरकासुर जाळतात, मग अंघोळ, पायाखाली कारीट फोडायचं आणि नंतर फोव. म्हणजे पोहेच, पण एका वेळी चार-पाच तऱ्हांचे. रोसातले, ताकातले, दुधातले, बटाट्याचे. पाडव्याला मी रोसातले करून आणीन. रोस म्हणजे गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. आयत्या वेळी कालवावे लागतात, म्हणून मला खालीच ओट्याजवळ जागा द्या.

सेक्रेटरी (ए-१०१): जागा दिली. काकू, तुमचं पटलं. अनारसे घरी, बाकी बचत गटाकडून. पण ७० घरांना पुरतील एवढे होतील? आणि सगळा भार तुमच्यावर नको.

बी-३०२ काकू: घरटी दोन धरले तर १४० झाले. तेवढे मी एकटी करणार नाही, आणि बायकांनीच करायचे असंही नाही. दळायला दोन माणसं लागतील, दमट तांदूळ थोडाथोडा घालावा लागतो, मिक्सर गरम होतो, मध्ये थांबावं लागतं. चाळायला एक. कढईत एका वेळी एकच अनारसा, कढई छोटी आणि तूप साजूक. सामानाचा खर्च सोसायटीने करावा.

सेक्रेटरी (ए-१०१): मंजूर.

सी-३०३: काकू, मी आणि बाबा दळायला येतो. आमच्याकडे दोन मिक्सर आहेत.

बी-३०२ काकू: ये रे. तळताना समोर उभा राहा, तुला शिकवते. खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा, उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, मग मध्ये जाळी उमलताना दिसते. काढला की चाळणीत उभा तिरका टेकवायचा. तूप निथळतं आणि गार झाल्यावर खुसखुशीत होतो. गरम असताना मऊ लागतो, तेव्हा कच्चा राहिला असं वाटून पुन्हा कढईत टाकू नकोस.

सी-२०४: काकू, मगाशी मी घाईत मागवा म्हणून लिहिलं. माझ्या आजीचे अनारसे अजून आठवतात मला. त्या दिवशी सुट्टी घेते, चाळायला मी येते.

बी-३०२ काकू: नक्की ये. तुझ्या आजीच्या काही युक्त्या आठवत असतील तर त्याही सांग. चार किलो तांदूळ आत्ता धुऊन दोन पातेल्यांत भिजत घातलेत. उद्या संध्याकाळी मला नातवाला शाळेतून आणायला जायचंय, ए-४०३, साडेपाचला पाणी तू बदलशील का? किल्ली आजींकडे ठेवते.

ए-४०३: बदलते. आईला पण घेऊन येते.