नाईटनंतर ‘सकारात्मक राहा’चं लेक्चर, आयसीयूतल्या सिस्टरांनो, तुमचं काय चाललंय?

नाईटवाली_सोलापूर
मी इथल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स. नाईट उतरून सात रस्त्यावरून घरी येते तोवर ऊन तापलेलं. वर पत्रा, कूलर गरम हवाच फेकतो. झोप कुठली यायला! संध्याकाळी युनिफॉर्म घालायचा म्हटलं की पोटात गोळा येतो.

परवा नर्सेस डेला नाईट उतरलेल्यांनाही थांबवून ठेवलं. बाहेरून आलेल्या सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या, सकारात्मक राहा म्हणाले. वर डॉ. कोटणीसांचं उदाहरण. आपल्या सोलापूरचे, अभिमान आहेच की ओ. पण ते चीनमध्ये राबता राबता ३२व्या वर्षी गेले, हे सर सोयीस्कर विसरले. त्या रात्री व्हेंटिलेटरचे तीन पेशंट माझ्या एकटीकडे होते.

खरं विचारायचंय ते वेगळंच. पेशंट एक्स्पायर झाला तरी हल्ली काही वाटत नाही. बॉडी पॅक करताना डोक्यात हँडओव्हरची, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवायची घाई. नातेवाईक विचारायला आले की डोकं सणकतं. मी निबर झालेय, की हेच बर्नआउट?

निवृत्त_इन्चार्ज
अगं, निबर झालेली बाई असलं विचारत बसत नाही. पार गळून जाणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं, ही बर्नआउटची लक्षणं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आयसीडी-११ या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात मांडलीत. तेही आजार म्हणून नाही. कामाचा ताण साचत गेला, त्याचा परिणाम म्हणून. तेव्हा खोट स्वभावात शोधू नकोस. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात आयसीयूला एका पेशंटमागे एक नर्स आहे, तुझ्याकडे तीन! रिपोर्ट बुकात रोज लिही. तोंडी कुरकुर हवेत जाते, लिहिलेलं मेट्रनला, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांना, वर दाखवता येतं.

ब्रदर_जुळे_सोलापूर
लेक्चरवाल्यांना एक नाईट द्या करायला, मग बघू. पण सिस्टर, सगळंच वाईट नाही. आमच्याकडे विडी घरकुल वसाहतीतली एक अम्मा होती. व्हेंटिलेटरची नळी काढली, आवाज पार बसलेला, तरी पहिल्यांदा काय केलं, तर तेलुगूत चहा मागितला. द्यायचा नव्हता अजून, तर माझ्यावरच चिडली! तेव्हापासून हँडओव्हर देताना शेवटी आम्ही कोण सुधारलं तेही सांगतो. स्टाफ काही वाढत नाही त्यानं. पण घरी जाताना डोक्यात फक्त गेलेला पेशंट नसतो.

सुई_दोरा
झोप पूर्ण उडाली असेल तर १४४१६ लावा, टेलीमानस. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि नाईटला लागून डबल ड्युटी घेऊ नका, पैसे कितीही देवोत.

नाईटवाली_सोलापूर
बुकात लिहिलं तर आमच्या इन्चार्ज म्हणतील, आगाऊपणा करतेस. सोबतच्या सिस्टरला घेऊन दोघींच्या सहीनं लिहू का?

निवृत्त_इन्चार्ज
दोघींच्या सहीनंच लिहा. तारीख, बेड किती, व्हेंटिलेटर किती, स्टाफ किती, बस्स. ‘त्रास होतो’ असं मात्र लिहू नका, नाहीतर पुन्हा त्या टाळ्यावाल्या सरांकडे बसवतील.