काट्याच्या एकाच कोपऱ्यात वजन जास्त : लोडसेलमधील तफावत सॉफ्टवेअरने काढावी का?

प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती तोलण्यासाठी २०० किलो क्षमतेचा प्लॅटफॉर्म काटा जुळवत आहे. चार कोपऱ्यांतले चार लोडसेल (वजनाचा विद्युत सिग्नल करणारे सेन्सर) जंक्शन बॉक्समध्ये (तारा एकत्र जोडण्याच्या डबीत) समांतर जोडून सिग्नल एकाच एचएक्स७११ला (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या एडीसी चिपला) दिला आहे. ५० किलोची प्रमाणित वजने मध्यभागी ठेवून कॅलिब्रेशन केले. तीच वजने कोपऱ्यांवर ठेवल्यास जंक्शन बॉक्सजवळच्या कोपऱ्यावर ५०.०४ आणि इतरत्र ४९.९९, ४९.९९ व ४९.९८ असे आकडे येतात. १०० नमुन्यांची सरासरी घेऊनही फरक हटत नाही. प्रत्येक सेलला स्वतंत्र एडीसी लावून ही तफावत सॉफ्टवेअरने काढावी का?

उत्तर १

सरासरीने नॉइज कमी होतो, कारण तो दोन्ही बाजूंना हेलकावतो. सेलमधली तफावत मात्र प्रत्येक नमुन्यात एकाच दिशेने येते. आपल्या चारही आकड्यांची सरासरी बरोबर ५०.०० भरते, म्हणजे मध्यभागाच्या वजनाइतकीच. प्लॅटफॉर्मचा पत्रा कुठे घासत असता, तर हिशेब बहुधा असा जुळला नसता. दोष संवेदनशीलतेतच, म्हणजे सारख्या वजनाला सेल किती सिग्नल देतो यातच, दिसतो. समांतर जोडणीत सेलचे एमव्ही प्रति व्होल्ट (दिलेल्या प्रत्येक व्होल्टमागे मिळणारे मिलिव्होल्ट) सारखे असून भागत नाही, आउटपुट रोधही सारखा लागतो. ज्याचा रोध कमी, त्याचा एकत्रित सिग्नलमध्ये वाटा जास्त.

उत्तर २

जास्त दाखवणारा कोपरा नेमका बॉक्सजवळचा आहे, म्हणून विचारतो: त्या सेलची केबल आखूड केली आहे का? चार तारांच्या सेलचे कॅलिब्रेशन मूळ केबलच्या लांबीसकट झालेले असते. केबल कापली की तारेचा रोध घटतो, ब्रिजला (सेलमधल्या रोधांच्या जोडणीला) किंचित जास्त व्होल्टेज मिळते आणि आकडा चढतो. इतर कोपऱ्यांशी असलेला फरक सुमारे ०.११ टक्के आहे. ४०० ओहम इनपुट रोधाच्या सेलसाठी तो अर्ध्या ओहमपेक्षाही कमी भरतो, आणि पातळ तारेचा एखादा मीटर गेला तरी तेवढा फरक पडतो. केबल पूर्ववत करता येत नसेल, तर त्या सेलच्या एक्सायटेशनमध्ये (सेलला व्होल्टेज देणाऱ्या तारेत) तेवढाच रोध घाला. तो तापमानाने न बदलणारा असावा आणि सोल्डर केलेला असावा. स्क्रूच्या सैल जोडाचा रोधच कधीकधी तेवढा भरतो.

उत्तर ३

स्वतंत्र एडीसीचा मार्ग चुकीचा नाही. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून चार समीकरणे मिळतात आणि त्यांतून सेलच्या आकड्यांना सॉफ्टवेअरमध्ये गुणायचे चार गुणांक निघतात. मात्र प्रत्येक एचएक्स७११ आपल्याच अंतर्गत घड्याळावर चालतो; सेकंदाला १० नमुन्यांच्या वेगाने दोन चिपांच्या आकड्यांमध्ये १०० मिलिसेकंदांपर्यंत अंतर पडू शकते. हमालाने पोते आदळले की चार वेगवेगळ्या क्षणांचे आकडे एकत्र मिळवले जातील. संवेदनशीलतेची तफावत घालवताना वेळेची तफावत पदरात पडेल, शिवाय चार चिपांचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) उन्हाने वेगवेगळा सरकेल तो निराळाच. चारही चिपांना एकच बाहेरचे क्लॉक देण्याची तयारी नसेल, तर या काट्यासाठी मी जंक्शन बॉक्समध्येच दुरुस्ती करीन.

प्रश्नकर्ता

त्या कोपऱ्याची केबल खरोखरच इतर तिघींपेक्षा जवळपास मीटरभर आखूड आहे. आधी एक्सायटेशनमध्ये रोध घालून चारही कोपरे जुळवतो. वैधमापन विभागाच्या पडताळणीला काटा त्यानंतरच नेईन. प्लॅटफॉर्मच्या चार पायांची उंची रोध घालण्यापूर्वी जुळवावी की नंतर?

उत्तर २

आधी. डळमळणाऱ्या काट्यावर कोपऱ्यांचे आकडे घेण्यात अर्थ नाही.