महादुरुस्तीआधी ड्रोन उडवायचा की परांची बांधून हातोडी मारायची?

ठाणेकर_चिटणीस
आमची सात मजली इमारत 1989 ची. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करा असं गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. ते झालं, वर्गवारी सी2-बी आली, म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती. आता निविदा काढायच्यात.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: डिजिटल सर्व्हे झाल्याशिवाय क्वोटेशन मागवूच नये. आत्ता काय होतं, ठेकेदार खाली उभा राहून मान वर करतो आणि आकडा टाकतो. समजा 4,000 चौरस फूट प्लास्टर लिहिलं. परांची चढली की ‘साहेब, सगळंच पोकळ वाजतंय’ सुरू, आणि फायनल बिलात तोच आयटम दुप्पट. दर सगळे घासाघीस करून ठरवतात, क्वांटिटीकडे कोणी बघत नाही. ड्रोनने चारी बाजूंचे फोटो, त्यावरून थ्रीडी मॉडेल आणि थर्मल कॅमेऱ्याने ओल, एवढं आधी हातात हवं. विरोध असेल तर कारणासकट मांडा.

सळई_आणि_सिमेंट
विरोध आहे. वीस वर्षं दुरुस्तीच्याच साइटवर आहे.

ड्रोनला तडा दिसतो, पोकळ प्लास्टर दिसत नाही. ते हातोडीच्या आवाजावरून खात्रीने कळतं. थर्मल कॅमेरा फक्त तापमानातला फरक दाखवतो. ऊन नीट पडलेलं नसेल, शेजारी एसीचं आउटडोअर युनिट गरम हवा फेकत असेल, तर ओल कुठली आणि उष्णता कुठली हे सांगायला पुन्हा माणूसच लागतो. आणि सोसायट्यांची खरी दुखणी असतात डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या अरुंद उभ्या पोकळीत. चार फुटांच्या डक्टमध्ये ड्रोनला जीपीएस मिळत नाही, पाइपांच्या जंजाळात तो पहिल्या मजल्यावरच आपटेल.

यंत्राच्या आकड्याची गंमत सांगतो. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कार्बोनेशन झालं, म्हणजे सळईला जपणारा काँक्रीटचा अल्कधर्मीपणा गेला, की पृष्ठभाग उलट कडक होतो, म्हणजे रीडिंग छान आणि आत सळई गंजायला मोकळी! त्यापेक्षा कॉलमचा ताजा टवका काढून फिनॉल्फथॅलिन शिंपडा. गुलाबी झालं तिथे कार्बोनेशन पोचलेलं नाही. सळईभोवतीच्या काँक्रीटला रंग आलाच नाही, तर सळईचं संरक्षण गेलं. बाटली स्वस्त, लॅपटॉप लागत नाही.

गच्चीवरचा_इंटरनेट
दादा, हातोडी मारू नका असं कोण म्हणतंय? पण त्यासाठी आधी परांची हवी आणि परांची बांधेपर्यंत वर्कऑर्डर गेलेली असते. मग सोसायटीच्या हातात काय उरतं? ढोबळ का होईना, आकडा आधी पाहिजे.

मधली_आळी
ड्रोन ड्रोन करताय, परवानगीचं काय? 2021 च्या नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही हे खरं, पण विमानतळाभोवतीचे रेड-यलो झोन, म्हणजे परवानगीशिवाय न उडवण्याचे पट्टे, त्यालाही आहेत. मुंबईत तर पोलिसांचे बंदीचे आदेशही वेळोवेळी निघतात. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बेडरूमच्या खिडकीसमोर ते भुणभुणं आल्यावर तुमच्या चिटणीसपदाचं काय करतील ते बघा 😄

हिशेबतपासनीस
वर सगळे सर्व्हेवर भांडतायत. पैसे जातात ते काम चालू असताना. प्लास्टर तोडलं, पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा मसाला) भरला, वरून रंग लागला, की आत काय होतं ते देवाला ठाऊक. ड्रोन राहू द्या, पण तोडलेल्या प्रत्येक जागेचा मोजायचा टेप लावून फोटो हवा. सळई घासल्यावर एक आणि मॉर्टर भरण्याआधी एक. विंग, मजला, तारीख लिहून त्याच दिवशी सगळ्या सभासदांना दिसणाऱ्या शीटमध्ये. फोटो नाही तर त्या जागेचं बिल नाही, ही अट निविदेतच टाका.

सळई_आणि_सिमेंट
याला माझा विरोध नाही. फक्त एक विचारतो, ते फोटो तपासणार कोण? बहुतेक ठिकाणी देखरेखीच्या कन्सल्टंटची फी एकूण बिलाच्या टक्क्यात असते. क्वांटिटी वाढली की त्याचीही फी वाढते. शीट गूगलची असो की रजिस्टर लाल कापडाचं, सही त्याचीच.

ठाणेकर_चिटणीस
मग फी ठोक ठरवू. पण ड्रोन सर्व्हेचा मुद्दा मी सोडत नाही. चारही ठेकेदार एकाच मोजमापावर दर भरतील, तेव्हाच तुलना खरी होईल. डक्ट हातोडीला देतो.

मधली_आळी
आणि काकूंची समजूत?

ठाणेकर_चिटणीस
नोटीस लावू. सकाळी अकरा ते एक, पडदे ओढून घ्यावेत.