टकलावर ऊन, खपल्या अन् पुटकुळ्या: तुम्ही काय लावता?

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
राम राम मंडळी. वय चाळिशीकडे झुकलं. मागं अन् बाजूला केसांची झालर उरली होती, ती पण आता आठवड्यातून एकदा वस्तऱ्यानं काढून टाकतो. दिसायला बरं दिसते, घरून तक्रार नाही. तक्रार कातडीची आहे. एप्रिल लागला की वावरात अन् गाडीवर टाळू अशी भाजून निघते की रात्री उशीवर डोकं टेकवत नाही. मग पापुद्रे सुटतात. वरच्या भागाले अन् कानामागं पिवळट, तेलकट खपल्या आहेत, त्याची खाज वेगळीच. वस्तरा फिरवला की मानेवर लाल पुटकुळ्या.

आई म्हणते खोबरेल चोळ. मित्र म्हणते एक ट्यूब आहे, दोन दिवसांत साफ. मोबाईलवर पाह्यलं तर सीरम, टोनर अन् काय काय, भाव पाहून दुपट्टाच बरा वाटला. गावात एकच मेडिकल आहे, बाकी सामान यवतमाळ नाहीतर वर्ध्याहून आणावं लागते.

केस उगवायचा उपाय कोणी सांगू नका, तो विषय संपला. जे आहे ते नीट ठेवायचं आहे. कोण काय वापरते ते सांगा.

टकलूमास्तर (चिमूर)
या, बसा. आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही चौघे आहोत, पंखा आमच्याच डोक्यावर ठेवतात.

आधी डोकं झाका, लावायचं मागाहून बघा. पण झाकतानाही थोडी अक्कल लागते. आपण पातळ पांढरा दुपट्टा ओला करून बांधतो. गार वाटतं, लू लागत नाही, ते खरं. पण पातळ पांढरं सुती कापड भिजलं की त्यातून अतिनील किरण कोरड्यापेक्षा जास्त आत येतात. म्हणून दुपट्टा दुहेरी करून बांधा, विणीचा घट्ट घ्या, गडद रंगाचा मिळाला तर आणखी चांगला. उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसलं तर डोक्यालाही ऊन दिसणार.

गांधी टोपी टाळू झाकते, कान अन् मान उघडी राहते. आमच्या वडिलांच्या पिढीचे कान बघा, वरची कड काळवंडलेली असते. वावरात चारी बाजूंनी तीन बोटं-चार बोटं कड असलेली गोल कापडी टोपी घ्या, क्रिकेटवाले घालतात ती. समोर चोच असलेली टोपी आपल्या कामाची नाही.

आणि ढग आले की निर्धास्त होऊ नका. ब्रह्मपुरीकडे पारा ४७ ला जातो तेव्हा सगळेच झाकतात. जुलैत ढगाळ दिवशी निंदणाला उघड्या डोक्यानं जातात, अन् ढगातून किरण बऱ्यापैकी खाली येतात.

मेडिकल_काउंटर (वणी)
भाऊ, तुमचे तीन वेगवेगळे विषय आहेत, एका ट्यूबमध्ये ते बसत नाहीत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

पिवळट तेलकट खपल्या बहुतेक सेबोऱ्हिक डर्मटायटिसच्या असाव्यात. केस गेले तरी टाळूच्या तेलग्रंथी शाबूत असतात. त्या तेलावर मॅलॅसेझिया नावाची बुरशी जगते, ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते, काहींना तिचा त्रास होतो. त्याला केटोकोनाझोल २ टक्के शांपू. गावच्या मेडिकलमध्येही मिळेल. डोकं ओलं करून फेस करायचा, कानामागे न्यायचा, पाच मिनिटं तसाच ठेवायचा अन् मग धुवायचं. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. लोक लावतात अन् लगेच तांब्याभर पाणी ओततात, मग म्हणतात औषध खोटं. खपल्या गेल्या की आठवडा-पंधरवड्यातून एकदा चालू ठेवायचा, कारण हे परत येतं.

आता ती मित्राची ट्यूब. पाठीमागे बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल, सोबत एक बुरशीचं औषध अन् एक अँटिबायोटिक. दोन दिवसांत साफ होतं ते स्टिरॉइडमुळे. बंद केलं की दुप्पट उठतं. गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरतं अन् मग साध्या औषधाला ऐकत नाही. गेल्या काही वर्षांत देशभर चिवट गजकर्ण वाढलं, त्यात या ट्यूबांचा मोठा हात आहे. चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम आहे. तरी काउंटरवर रोज कोणीतरी रिकामी ट्यूब दाखवून ‘हेच द्या’ म्हणते.

उन्हासाठी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा ५०. ३० वालं कातडी भाजणारे अतिनील किरण (यूव्हीबी) सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. त्या एका टक्क्यासाठी जास्त पैसे देऊ नका. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे यूव्हीए अन् यूव्हीबी दोन्ही किरण अडवणारं, लिहिलेलं आहे का ते मात्र बघा. टकलावर क्रीम चमकतं, जेल किंवा मॅट घ्या. दोन बोटांवर लांब रेघ काढा, तेवढं फक्त डोक्याला लागतं. कान अन् मानेचं वेगळं. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, घाम आला की दोन तासांनी परत.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
मेडिकल भाऊ, लय धन्यवाद. ट्यूब पाह्यली, क्लोबेटासोलच आहे. ठेवली बाजूले.
एक विचारू? घामासोबत सनस्क्रीन डोळ्यात उतरते म्हणतात. वावरात हात मातीचे, डोळे कसे चोळायचे?

मेडिकल_काउंटर (वणी)
होते तसं. झिंक ऑक्साइडवालं घ्या, ते कमी झोंबते. थोडं पांढरट दिसते, पण वावरात कोण पाहून राहिलं. भुवयांच्या वर दोन बोटं जागा मोकळी सोडा अन् कपाळाला दुपट्ट्याची एक घडी बांधा, घाम तिथंच थांबते. डोक्यावर टोपी आहे तर दोन-दोन तासांनी टाळूले लावायची गरज नाही, कान-मान सांभाळा. ट्यूबही पुरते.

आर्वीचा_गडी
तुम्ही लोकं खोबरेलले काहून नावं ठेवून राहिले? आमचा आजा नव्वद वर्षं डोक्यावर तेल थापून जगला. एक खपली नाही.

मेडिकल_काउंटर (वणी)
आजोबांना हा त्रास नव्हता, म्हणून तेल चाललं. नुसती कोरडी कातडी असेल, थंडीत ताणत असेल, तर अंघोळीनंतर ओलसर डोक्यावर दोन थेंब खोबरेल लावायला माझी ना नाही. पण तेलकट खपल्या असताना तेल म्हणजे त्या बुरशीला जेवण. तेलानं खपली मऊ पडते, खाज घडीभर थांबते, म्हणून गुण आला असं वाटतं. खपली फार जाड असेल तर रात्री थोडं लावून सकाळी शांपूनं पूर्ण काढून टाका, दिवसभर ठेवू नका. अन् तेल लावून उन्हात तर अजिबात नाही.

आर्वीचा_गडी
बरं बावा. आजाले सांगतो. नाई, सांगता येत नाही आता. बापाले सांगतो.

वस्तरा_अन्_साबण (हिंगणघाट)
माझं सलून आहे, पुटकुळ्यांचं मी सांगतो.

उलटा वस्तरा मारला की गुळगुळीत होते, गिऱ्हाईक खूश. पण केस कातडीच्या खालून कापला जाते अन् उगवताना आतच वळते, तिथं पुटकुळी. मानेवर केसांच्या दिशा दोन-तीन असतात, बोटं फिरवून पाहा, जिकडं गुळगुळीत लागते तिकडंच वस्तरा न्या. आधी कोमट पाण्याचा टॉवेल दोन मिनिटं. फेस दाट करा. एकाच जागी तीनदा घासू नका. पुटकुळ्या असतील तेव्हा मशीन शून्यावर लावा, वस्तरा सोडा. आठवड्यानं तुकतुकीत नाही दिसलं तर काही बिघडत नाही.

तुरटी चालते, रक्त थांबवते, जंतूही कमी करते. पण फिरवून धुऊन टाका, वाळवून ठेवली की कातडी ताणते. स्पिरिटवालं लोशन टकलावर नको. त्याऐवजी साधं कॅलामाईन लावा, स्वस्तात मिळते. मुलाच्या घामोळ्यांसाठी घरात असतेच.

बाहेर कराल तर अर्धं पातं तुमच्यासमोर नवीन तोडायला लावा. हेपॅटायटिस बी, सी रक्तातून पसरते, टकलावर बारीक कापलं तर दिसतही नाही. जो कारागीर यावर तोंड वाकडं करेल त्याच्याकडं जाऊ नका. आमच्या धंद्यातलाच माणूस सांगून राहिला.

सेलूची_ताई
पुरुषांच्या धाग्यात शिरते, माफ करा. आमच्या मिस्टरांच्या टाळूवर एक जागा खरखरीत झाली होती. डोळ्याला फार दिसत नव्हती, तेल लावताना माझ्या बोटाला कळायची, पॉलिश पेपरासारखी. हे म्हणायचे ऊन लागलं, जाईल. खरवडली की परत यायची. शेवटी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात त्वचाविभागात दाखवलं. वर्षानुवर्षांच्या उन्हानं अशी जागा होते, ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. यातली एखादी पुढं कॅन्सरकडं वळू शकते, म्हणून वेळेत काढलेली बरी, असं डॉक्टरांनी सांगितलं. गार वायूनं जाळून टाकली, घरी आलो. आपल्या सावळ्या कातडीला हे गोऱ्यांपेक्षा कमी होतं, पण टक्कल अन् शेती दोन्ही असल्यावर होऊ शकतं.

सांगायचं कारण असं, की टकल्या माणसाला स्वतःचा डोक्याचा वरचा भाग दिसत नाही. महिन्यातून एकदा कोणाला तरी उजेडात बघायला सांगा, अन् नुसतं बघू नका, बोट फिरवा. महिनाभरात न भरणारी जखम, रक्त येणारी खपली, वाढणारा गाठीसारखा भाग दिसला तर मेडिकलवर जाऊ नका, दवाखान्यात जा.

निंबोळी_अर्क (दारव्हा)
सगळं वाचलं. फवारणीचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. कृषी खात्यात होतो, आता निवृत्त.

टाळूची कातडी हातापेक्षा कितीतरी जास्त शोषते. पॅराथिऑन या कीटकनाशकाचा माणसांवर केलेला जुना अभ्यास आहे, त्यात कोपरापुढच्या हाताच्या तुलनेत टाळूतून जवळपास पावणेचारपट औषध आत गेलं. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याबरोबर उंच झाली होती, फवारा खाली न पडता अंगावर अन् तोंडावर यायचा.

केस असलेल्याला निदान केसांचा आडोसा असतो. तुम्ही सकाळी वस्तरा फिरवता, बारीक ओरखडे पडतात, अन् दहा वाजता पंप पाठीवर. हे जमणार नाही. फवारणीच्या दिवशी अन् आदल्या दिवशी डोकं करू नका. तेलही लावू नका. डोक्यावर पाणी न झिरपणारी टोपी, त्यावर दुपट्टा. वाऱ्याच्या उलट दिशेनं तोंड करून फवारू नका.

दुपट्ट्याचं जरा जास्त सांगतो. दिवसभर फवाऱ्यानं ओला झालेला तोच दुपट्टा दुपारी तोंड पुसायला, जेवताना मांडीवर, अन् संध्याकाळी परत डोक्याला. म्हणजे औषधाची पट्टीच बांधली. फवारणीचा दुपट्टा वेगळा ठेवा, घरच्या कपड्यात धुवायला टाकू नका. काम संपलं की घरी पोचायची वाट न पाहता विहिरीवर, बोअरवर डोकं साबणानं धुवा. भरपूर पाणी, साधा साबण. घासू नका, गरम पाणी नको. डोकं गरगरलं, मळमळलं, डोळ्यांसमोर अंधुक झालं तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
काकाजी, हे माहीतच नव्हतं. आमच्या इकडं सगळे एकच दुपट्टा वापरतात. सालदारालेही दुसरा घेऊन देतो.

देवळीकर_०७
मधेच विचारतो. बाबा गेले, परवा दहाव्याला डोकं केलं. टक्कल नाही माझं, पण आज शेतात गेलो तर तासाभरात डोकं पेटलं. लाल आहे, हात लावता येत नाही.

टकलूमास्तर (चिमूर)
वाईट वाटलं ऐकून. केसाखालच्या कातडीनं आजवर ऊन पाहिलेलं नसतं, म्हणून ती आमच्यापेक्षा लवकर भाजते. आज गार पाण्याची पट्टी ठेवा, बर्फ थेट लावू नका. कॅलामाईन किंवा कोरफडीचा गर चालेल. फोड आले तर फोडू नका. पाणी भरपूर प्या. केस बोटभर येईस्तोवर टोपी सोडू नका, घरच्या कार्यक्रमात फिरतानाही.

ताप, उलटी, जास्त डोकेदुखी असेल तर मात्र घरी बसू नका, ते नुसतं कातडीचं नाही.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
देवळीकर भाऊ, जपा.
मास्तर, ती गोल कडेची टोपी यवतमाळले कुठं मिळते? ऑनलाइन मागवली तर आमच्या गावाले पार्सल येत नाही, राळेगावच्या चौकात उभं राहून घ्यावं लागते.

टकलूमास्तर (चिमूर)
खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारा, पंचाची टोपी म्हटलं की देतात. हनुवटीखाली दोरी असलेलीच घ्या, गाडीवर उडते. डोक्याचं माप सुतळीनं घेऊन जा, अन् केस नाहीत म्हणून लहान घेऊ नका, आत दुपट्ट्याची घडी बसली पाहिजे.